विश्लेषण : ‘एएलएस’ बरा होत नाही, पण सांभाळता येतो… मग ती सोय वसईत का नसावी?

‘यावर औषध नाही, घरी घेऊन जा.’ एएलएस या चेतासंस्थेच्या आजाराचे निदान झालेल्या अनेक कुटुंबांच्या कानावर असेच काहीसे वाक्य पडते. त्याचा पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. दुसरा अर्धवट आहे, कारण घरी नेऊन काय करायचे हे कुणी सांगत नाही. या आजारात आयुष्य वाढवणाऱ्या आणि सुसह्य करणाऱ्या बहुतेक गोष्टी मोठ्या रुग्णालयात नव्हे तर घरातच करायच्या असतात. म्हणूनच माणिकपूरच्या रुग्णाने दर वेळी परळ गाठायचे, ही व्यवस्था उलटी आहे.

आजार नेमका काय?

हात उचल, पाय टाक, घास गिळ, श्वास घे, असा निरोप मेंदूपासून स्नायूंपर्यंत नेणाऱ्या चेतापेशींना मोटर न्यूरॉन म्हणतात. त्यांचे दोन टप्पे असतात : मेंदूकडून मज्जारज्जूपर्यंत आणि तिथून स्नायूपर्यंत. एएलएस, म्हणजे अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिसमध्ये दोन्ही टप्प्यांवरच्या पेशी हळूहळू मरत जातात. निरोप पोहोचेनासा झाला की स्नायू सुकतो. फ्रान्सचे डॉक्टर शार्को यांनी १८६९ मध्ये या आजाराचे वर्णन केले. अमेरिकेत तो १९४१ मध्ये मरण पावलेला बेसबॉलपटू लू गेरिग याच्या नावाने ओळखला जातो.

स्पर्श, दृष्टी, ऐकणे सहसा शाबूत राहते आणि डोळ्यांची हालचाल शेवटपर्यंत टिकते. बऱ्याच रुग्णांची समजही टिकते. काहींच्या वागण्यात आणि निर्णयशक्तीत मात्र बदल होतो, थोड्या रुग्णांत स्मृतिभ्रंशासारखा आजारही सोबत येतो. कारण नसताना हसू किंवा रडू फुटणे हाही आजाराचाच भाग असू शकतो. घरच्यांना हे माहीत नसेल तर ‘स्वभाव बदलला’ म्हणून विनाकारण भांडणे होतात.

सुमारे दहा टक्के रुग्णांत आजार आनुवंशिक असतो. बाकीच्यांत ठोस कारण सापडत नाही. तो संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट-पेला वेगळा ठेवण्याची काहीही गरज नाही.

स्टीफन हॉकिंग यांचे उदाहरण हमखास दिले जाते. त्यांना १९६३ मध्ये निदान झाले आणि २०१८ पर्यंत ते जगले. पण तो दुर्मीळ अपवाद. पाश्चात्य देशांत लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण दोन ते पाच वर्षे असे चित्र आहे. बेंगळूरुच्या निम्हान्स संस्थेने २००८ मध्ये तीस वर्षांतील १,१५३ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात आजार सुरू होण्याचे सरासरी वय ४६ होते आणि जगण्याचा मध्यम कालावधी जवळपास साडेनऊ वर्षे. एका संस्थेकडे आलेल्या रुग्णांचे हे आकडे सर्वांना सरसकट लावता येणार नाहीत. पण ऐन कमावत्या वयातला माणूस काही वर्षे या आजारासह जगणार असेल, तर ‘घरी घेऊन जा’ हा सल्ला किती अपुरा आहे हे त्यावरून कळते.

निदानाला इतका वेळ का लागतो?

सुरुवात क्षुल्लक असते. शर्टाचे बटण लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही. चालताना पायातली चप्पल निसटते आणि ती निसटल्याचे कळतेही, कारण पायाला बधिरपणा नसतो. काहींचे बोलणे जड होते, पाणी पिताना ठसका लागतो.

मग हाडांच्या डॉक्टरांकडे खेप होते. मानेचा एमआरआय काढला तर चाळिशीनंतर बहुतेकांच्या मणक्यांत काही ना काही झीज दिसतेच. ती दिसली की तीच कारण ठरते. पट्टा, ट्रॅक्शन, इंजेक्शने आणि क्वचित शस्त्रक्रियाही होते, आणि हात काही सुधारत नाही. अर्धांगाचा झटका समजूनही उपचार होतात. वास्तविक झटका मिनिटा-तासांत येतो, एएलएस महिन्यामहिन्यांनी सरकतो. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत वर्षभर जाणे ही जगभरची गोष्ट आहे, पण संशय वेळेत आला तर तो काळ कमी होऊ शकतो. दुखणे नाही, बधिरपणा नाही, तरी ताकद सतत कमी होते आहे आणि स्नायू सुकतो आहे, असे दिसले तर हाडांच्या नव्हे, न्यूरोलॉजीच्या डॉक्टरांकडे जायचे. वसईतल्या फॅमिली डॉक्टरांनी एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले तरी कित्येक रुग्णांचे महिने वाचतील.

इथे एक सावधगिरी. पापणी किंवा पोटरी फडफडली म्हणून मोबाइलवर शोध घेऊन स्वतःला एएलएस ठरवणाऱ्यांची संख्या कमी नाही. ताकद कमी झालेली नसताना नुसते फडफडणे बहुधा निरुपद्रवी असते.

एएलएस ठरवणारी एकच एक रक्तचाचणी नाही. तपासणी, ईएमजी आणि नर्व्ह कंडक्शन या चाचण्या आणि इतर आजार वगळणे, यांतून निदान होते. हे वगळणे फार महत्त्वाचे. मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी हा आजार एएलएससारखा भासतो आणि त्यावर इम्युनोग्लोब्युलिनचा उपचार लागू पडतो. तरुण मुलाचा एकच हात मनगटाकडे सुकत असेल तर तो हिरायामा आजार असू शकतो, जो काही वर्षांनी सहसा थांबतो. दक्षिण भारतात १९७० च्या सुमारास वर्णन झालेला, ऐकू कमी येण्यासह दिसणारा ‘मद्रास मोटर न्यूरॉन डिसीज’ही संथ असतो. निदान ऐकल्यावर दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टचे मत घेण्यात म्हणूनच कसलाही संकोच नसावा. दुसरे मत घ्यावे. पाचवे, सहावे, आठवे घेत फिरू नये.

औषधे किती उपयोगी?

रिलुझोल हे पहिले औषध, अमेरिकेत १९९५ मध्ये मान्य झाले. भारतातही मिळते. मूळ चाचण्यांत त्याने आयुष्य साधारण दोन ते तीन महिन्यांनी वाढले. घेताना यकृताच्या चाचण्या कराव्या लागतात. इडाराव्होनला जपानने २०१५ मध्ये आणि अमेरिकेने २०१७ मध्ये मान्यता दिली, पण त्याचा फायदा निवडक रुग्णांत दिसला आणि तोही मर्यादित. टोफरसेनला २०२३ मध्ये अमेरिकेत सशर्त मान्यता मिळाली. ते केवळ एसओडी-१ जनुकातील दोषामुळे आजार झालेल्या थोड्या रुग्णांसाठी आहे. घरात पूर्वी कुणाला असा आजार झाला असेल तर जनुकीय चाचणीबद्दल विचारायला हवे, ते याचसाठी.

एएमएक्स-००३५ या औषधाची गोष्टही सांगण्याजोगी आहे. २०२२ मध्ये अमेरिकेने ते मान्य केले. पुढच्या मोठ्या चाचणीत उपयोग दिसला नाही, तेव्हा २०२४ मध्ये कंपनीनेच ते बाजारातून मागे घेतले.

स्टेम सेलचे काय?

याच कसोटीवर भारतात लाखोंच्या पॅकेजने विकल्या जाणाऱ्या स्टेम सेल ‘उपचारां’कडे पाहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : रक्ताच्या ठरावीक आजारांतील प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच करता येतो. आणि चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. ‘चाचणी’ही म्हणायचे आणि बिलही द्यायचे, हे जिथे चालते तिथून उठून यावे. माणूस डोळ्यांदेखत खचत असताना घरचे काहीही करायला तयार होतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष त्या असहायतेवर दुकान थाटणाऱ्यांचा आहे. एका पॅकेजच्या पैशांत श्वासाचे यंत्र, हवेची गादी, चाकाची खुर्ची आणि कित्येक महिन्यांचा मदतनीस एवढे सगळे येते.

मग खरा फरक कशाने पडतो?

श्वासाने. एएलएसमध्ये बहुतेक मृत्यू श्वसनाचे स्नायू थकल्याने होतात. ते थकू लागल्याची खूण दम लागणे हीच असते असे नाही. रुग्ण चालतच नसेल तर दम लागणार कुठून? खूण रात्री दिसते : आडवे झाल्यावर गुदमरते, झोप सारखी मोडते, सकाळी डोके दुखते, दिवसभर पेंग येते.

अशा वेळी नाका-तोंडावर मास्क लावून हवेचा दाब देणारे बायपॅप यंत्र मदत करते. ब्रिटनमध्ये ४१ रुग्णांवर झालेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. गिळण्या-बोलण्याचे स्नायू फार बिघडलेले नव्हते अशा रुग्णांचे आयुष्य या यंत्राने सुमारे २०५ दिवसांनी वाढले, म्हणजे जवळपास सात महिने. ज्यांचे ते स्नायू खूप बिघडले होते त्यांचे आयुष्य वाढले नाही, पण झोप आणि दिवस सुधारला. रिलुझोलच्या दोन-तीन महिन्यांशी हा आकडा ताडून पाहावा. तरीही गोळीची चिठ्ठी प्रत्येकाला मिळते आणि श्वासाची मोजणी अनेकांची होतच नाही. फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री ही साधी चाचणी आहे. दर दोन-तीन महिन्यांनी ती व्हायला हवी आणि ती करायला परळला जायची गरज नाही.

एक चूक मात्र जिवावर बेतू शकते. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आले. त्यावरचा आकडा जरा उतरला की सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर आणला जातो. एएलएसमध्ये फुप्फुस सहसा बरे असते, भाता चालवणारे स्नायू दमलेले असतात. आत साचतो तो कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिमीटर तो दाखवत नाही. नुसता ऑक्सिजन दिल्याने आकडा छान दिसतो, रुग्ण मात्र गुंगीत जाऊ शकतो. हवी असते ती श्वास ओढायला मदत. न्यूमोनियासारख्या कारणाने ऑक्सिजन लागलाच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, यंत्राच्या जोडीने.

यंत्र आले की विजेचा प्रश्न येतो. वसई-विरारकरांना तो समजावून सांगायला नको. जुलै २०१८ च्या पुरात रेल्वे ठप्प झाली, वीज गेली आणि घराघरांत पाणी शिरले. ज्याचा रात्रीचा श्वास यंत्रावर आहे त्याच्यासाठी असा खंड म्हणजे थेट धोका. इन्व्हर्टर किंवा यंत्राची वेगळी बॅटरी ही चैन नव्हे, उपचाराचाच भाग आहे. महापालिका आणि महावितरण यांनी मिळून घरी श्वसनयंत्र असलेल्या रुग्णांची यादी ठेवली, पावसाळ्यापूर्वी त्यांना फोन केला आणि पूर आल्यास आधी कुणाला हलवायचे हे ठरवले, तर त्याला फार मोठा निधी लागणार नाही.

खाणे आणि बोलणे

सर्वात जास्त ठसका पाण्याने लागतो. पातळ पदार्थ घशात झरकन उतरतो, थकलेल्या स्नायूंना वेळ मिळत नाही. दाटसर पेज, मऊ भात, वसईच्या केळ्यांचे शिकरण त्यापेक्षा सोपे जाते. वजन उतरू देणे धोक्याचे असते. ते घटू लागले की पोटात नळी बसवण्याचा विचार वेळेत करावा, कारण श्वास फार कमी झाल्यावर ती बसवणे जोखमीचे होते. ‘नळी म्हणजे शेवट’ ही समजूत घरोघरी आहे. त्या भीतीने सहा महिने उशीर होतो आणि मग खरोखरच उशीर झालेला असतो.

आवाज जाणार हे आधी ठाऊक असते, म्हणून तो असतानाच साठवता येतो. परदेशी फोनमध्ये स्वतःच्या आवाजाची नक्कल करून बोलणाऱ्या सोयी आल्या आहेत, मराठीसाठी त्यांच्यावर विसंबता येत नाही. वसईतल्या सामवेदी, वाडवळी बोलींसाठी तर नाहीच. पण साध्या रेकॉर्डरला भाषेचे बंधन नाही. रोजची वाक्ये, नातवंडांना मारायची हाक, ठेवणीतली शिवी, सगळे आपापल्या बोलीत नोंदवून ठेवता येते. नजरेने अक्षरे दाखवायचा तक्ता इंग्रजीत सव्वीस अक्षरांत संपतो. मराठीत व्यंजने, काने-मात्रा, जोडाक्षरे आली की एक शब्द लिहायला मिनिटे लागतात. म्हणून अक्षरांआधी वाक्यांचा तक्ता करावा : ‘कूस बदला’, ‘लाळ पुसा’, ‘पंखा’, ‘मास्क सैल करा’, ‘सगळे बाहेर जा’.

वसईत काय करता येईल?

चर्चगेटपासून वसई रोड सुमारे ५२ किलोमीटर. केईएमच्या न्यूरोलॉजी ओपीडीसाठी दादरला उतरायचे, नायरसाठी मुंबई सेंट्रलला. मान सावरता न येणाऱ्या माणसाला विरार लोकलच्या गर्दीतून नेणे म्हणजे काय, हे या मार्गावरच्या प्रवाशाला वेगळे सांगायला नको. त्याआधी माणिकपुरातल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीचे जिने आहेत. निदानासाठी हा प्रवास समजू शकतो. दर दोन महिन्यांनी गोळी लिहून घेण्यासाठी नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर कुटुंब जाणेच सोडते आणि पाठपुरावा तिथेच संपतो.

‘इतक्या थोड्या रुग्णांसाठी वेगळी सोय कशी करणार?’ हा आक्षेप येईल. हिशेब करून पाहू. युरोपात दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे दोन नवे रुग्ण आढळतात. त्याच्या निम्मा दर धरला तरी २०११ च्या जनगणनेतील बारा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या वसई-विरारमध्ये वर्षाला डझनभर होतात. प्रत्येक जण तीन वर्षे जगला असे मानले तर कोणत्याही दिवशी तीस-चाळीस घरांत हा आजार आहे. लोकसंख्या तेव्हापासून वाढलीच आहे. शिवाय पार्किन्सन, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मणक्याची इजा, झटक्यानंतर अंथरुणाला खिळलेले रुग्ण यांनाही हीच माणसे लागतात : फिजिओथेरपिस्ट, गिळणे तपासणारा तज्ज्ञ, आहार सांगणारा, श्वास मोजणारा, घरी येणारी नर्स. एएलएससाठी उभी केलेली सोय एएलएसपुरती राहत नाही.

महिन्यातून एक दिवस, एका छताखाली हे सगळे भेटतील असा दवाखाना महापालिकेच्या एखाद्या रुग्णालयात सुरू करता येईल. न्यूरोलॉजिस्ट मुंबईहून व्हिडीओवर जोडता येतो. आयर्लंडमधील २००३ च्या अभ्यासात अशा एकत्रित दवाखान्यात जाणारे रुग्ण सामान्य न्यूरोलॉजी ओपीडीत जाणाऱ्यांपेक्षा सुमारे साडेसात महिने अधिक जगले. खुर्च्या, बायपॅप, सक्शन मशीन यांची उपकरण बँक वसईतली चर्च, मंडळे, पतपेढ्या चालवू शकतील. एका घरातली गरज संपली की यंत्र दुसऱ्या घरी जाते.

सरकारी विम्याचा आधार इथे तोकडा पडतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुळात रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. घरातले यंत्र आणि रात्रभर जागणारी व्यक्ती त्यात बसत नाही. ही जागणारी व्यक्ती बहुतेक घरांत पत्नी, सून किंवा मुलगी असते. तिने नोकरी सोडली तर तो खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोठ्या आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. तो प्रत्यक्ष हातात पडावा, ही मागणी लोकप्रतिनिधींकडे लावून धरण्यासारखी आहे.

कागदपत्रांचे काय?

या कायद्याच्या यादीत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सनचे नाव आहे, एएलएसचे नाही. म्हणून खिडकीवरून कुणी परत पाठवले तर मुकाट यायचे नाही. त्याच यादीत चलनवलनविषयक दिव्यांगत्वाची व्याख्या चेतासंस्थेच्या आजारामुळे हालचाल न होणे अशी व्यापक आहे आणि एएलएस त्यात बसतो. ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज लवकर करावा, कारण मंडळापुढे जाणे दर महिन्याला अवघड होत जाते. टक्केवारी नंतर वाढवून घेता येते.

पूर्वी कधी घेतलेली गंभीर आजाराची पॉलिसी शोधून काढावी. विमा नियामकाच्या प्रमाणित व्याख्यांमध्ये ‘कायमस्वरूपी लक्षणांसह मोटर न्यूरॉन डिसीज’ आहे आणि लक्षणे किमान तीन महिने सलग असण्याची अट आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील ८०डीडीबी कलमाच्या आजारांच्या यादीतही मोटर न्यूरॉन डिसीजचे नाव असून तिथे ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. सही करता येते तोवर बँक खाते संयुक्त करणे, नामनिर्देशन, मृत्युपत्र उरकून घ्यावे. डोळे आणि बुद्धी शाबूत असलेल्या माणसाला केवळ अंगठा उमटत नाही म्हणून अडून बसावे लागते.

आणि व्हेंटिलेटरचा निर्णय?

गळ्यात छिद्र पाडून कायमच्या व्हेंटिलेटरवर जायचे की नाही, हा प्रश्न आज ना उद्या दारात येतो. तो बहुधा मध्यरात्री, अतिदक्षता विभागाच्या दारात, घाबरलेल्या मुलाला विचारला जातो. विचारायला हवा रुग्णाला, आणि तो बोलू शकतो तेव्हा. काहींना यंत्रावर का होईना जगायचे असते, काहींना नसते. दोन्ही उत्तरे त्याचीच असावीत.

कायदा आता त्याच्या बाजूने आहे. केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातील २०११ च्या निकालापासून सुरू झालेली वाट ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ‘लिव्हिंग विल’ला मान्यता देण्यापर्यंत आली. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे प्रमाणन पुरते, न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत नाही. आपल्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तींची नावे त्यात लिहायची. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. माणिकपूरकरांसाठी ती संस्था म्हणजे वसई-विरार महापालिका. त्या अधिकाऱ्याचे नाव, खोली आणि वेळ प्रभाग कार्यालयाबाहेर एका फलकावर लिहून लावायला एक दिवस पुरेल.